चिपाडापासून फाउंड्रीच्या रेझिनपर्यंत, विजेच्या जोरावर

सांगलीकडच्या पलूस, किर्लोस्करवाडी, कुपवाड या पट्ट्यातल्या फाउंड्रीत नो-बेक (न भाजता घट्ट होणारा) साचा भरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना फ्युरान रेझिन सांगायला नको. मिक्सरमधून वाळू खाली येते, तिच्यात वाळूच्या वजनाच्या साधारण १ टक्का रेझिन आणि रेझिनच्या ३० ते ५० टक्के आम्लाचा हार्डनर पडतो, आणि बघता बघता वाळू काळपट होऊन दगडासारखी बसते. या रेझिनचा जीव म्हणजे फरफ्युरिल अल्कोहोल. ते बनतं फरफ्युरालपासून, आणि फरफ्युराल निघतं शेतातल्या काडीकचऱ्यातून: ओटची टरफलं, दाणे काढलेली मक्याची कणसं, उसाचं चिपाड. १९२२ साली अमेरिकेत ओटच्या टरफलांपासून त्याचं कारखानी उत्पादन सुरू झालं, तेव्हापासून मूळ रीत फारशी बदललेली नाही. आम्ल घालून वाफेखाली शिजवायचं, वाफेबरोबर फरफ्युराल वर येतं, ते थंड करून धरायचं.

आमच्याकडे एका टोकाला साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचे, म्हणजे चिपाडाचे डोंगर आणि दुसऱ्या टोकाला तेच रेझिन बॅरलने विकत घेणाऱ्या फाउंड्र्या. मधला दुवा विजेवर चालवता येईल का, आणि चालवला तर खरंच काही वाचतं का, एवढाच या लेखाचा विषय.

फरफ्युरालचं अल्कोहोल करायचं म्हणजे त्याच्या अल्डिहाइड टोकाला दोन हायड्रोजन जोडायचे. आज हे काम दाबाखालचा हायड्रोजन वायू आणि कॉपर क्रोमाइट नावाचा उत्प्रेरक करतात. उत्प्रेरक चांगला आहे, वाद नाही, पण त्यात क्रोमियम आहे. वापरून झालेला उत्प्रेरक टाकायचा कुठे हा प्रश्न कायम राहतो, कारण तो चुकीच्या हाती पडला, भाजला गेला, तर षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) तयार होतं आणि ते विहिरीच्या पाण्यात उतरलं की गावाचं आयुष्य बिघडतं. विद्युत-उत्प्रेरणात, म्हणजे उत्प्रेरक धातूवर विजेने अभिक्रिया घडवण्यात, हायड्रोजनची बाटली लागत नाही, दाबाचं भांडं लागत नाही, क्रोमियम तर नाहीच. हायड्रोजन पाण्यातून येतो, इलेक्ट्रॉन तारेतून येतात, आणि तांब्याचा पत्रा त्यांची गाठ घालून देतो. अशी कामं मोठ्या प्रमाणावर होतात का, असं कुणी विचारलं तर कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन विजेनेच बनतात हे सांगावं. सेंद्रिय रसायनांत नायलॉनचा कच्चा माल ॲडिपोनायट्राइल १९६५ पासून विजेने बनतोय.

आता सेलमध्ये काय घडतं ते. कॅथोडवर (ऋण टोकावर) फरफ्युरालचा एक रेणू, पाण्याचे दोन आणि दोन इलेक्ट्रॉन मिळून फरफ्युरिल अल्कोहोलचा एक रेणू होतो आणि दोन हायड्रॉक्साइड सुटतात. ॲनोडवर (धन टोकावर) साधारणपणे ऑक्सिजन निघतो आणि हवेत जातो, म्हणजे अर्धी वीज वाऱ्यावर. त्याऐवजी तिथेही फरफ्युरालच घातलं तर निकेलवर त्याचं फ्युरोएट होतं, आम्ल घातल्यावर फ्युरोइक आम्ल. तिथेही दोनच इलेक्ट्रॉन, पण हायड्रॉक्साइड मात्र तीन खर्च होतात. एकाच विजेने दोन्ही टोकांना माल, आणि ऑक्सिजन काढायला जेवढं व्होल्टेज लागतं त्यापेक्षा कमी व्होल्टेजवर. फ्युरोइक आम्लाची बाजारपेठ मात्र लहान आहे, हे आधीच मनात धरून चाला.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीच्या छोट्या आरअँडडीत करण्याजोगा सेल असा.

दोन्ही बाजूंना १०० मि.लि. मावेल अशी काचेची एच-सेल (एच आकाराचं दोन कप्प्यांचं भांडं), मध्ये नॅफिऑन ११७ चा, धन आयन पलीकडे जाऊ देणारा पडदा. कॅथोडच्या बाजूला ०.५ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट, म्हणजे १०० मि.लि.ला ५ ग्रॅम. ॲनोडच्या बाजूला १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. इथे पहिली चूक होते: बाटलीतल्या गोळ्या ८५ टक्क्यांच्याच असतात, उरलेलं पाणी. म्हणून लिटरला ५६ नव्हे, ६६ ग्रॅम तोला. द्रावण गरम होतं, हळू घाला, आणि साठवायला प्लास्टिकची बाटली घ्या, कारण अल्कली काच खातं. दोन्हीकडे फरफ्युराल ५० मिलिमोलर, म्हणजे १०० मि.लि.ला ०.४८ ग्रॅम किंवा ०.४१ मि.लि.

पाणी डिस्टिल्डच हवं. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचं पाणी सेलमध्ये गेलं तर त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेटबरोबर पांढरा थर धरतं. आधी पडद्यावर, मग तांब्यावर. कॅल्शियम एकदा पडद्यात शिरलं की सहज निघत नाही, व्होल्टेज दर तासाला थोडंथोडं चढत जातं आणि माणूस दोष वीजपुरवठ्यात शोधत बसतो.

पडदा पाकिटातून काढून तसाच बसवू नका. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ८० अंशांवर तासभर, पाण्यात धुऊन ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात तेवढ्याच तापमानाला तासभर, पुन्हा पाण्यात. शेवटी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवला की तो पोटॅशियमच्या रूपात येतो. वाळू देऊ नका, वाळला की चिरतो.

कॅथोडला तांब्याचा पत्रा. कंट्रोल पॅनल बनवणाऱ्यांकडे बसबारचे तुकडे उरतात, ते शुद्ध तांबं असतं आणि या कामाला पुरतं. मोटर वाइंडिंगची तार घेऊ नका, तिच्यावर इनॅमल असतं. २ बाय २.५ सेंटिमीटरचा भाग बुडेल असा तुकडा कापा, दोन्ही बाजू धरून १० चौ. सेंमी. क्षेत्र होतं. बसबार जाड असेल तर कडांचंही क्षेत्र मोजा. ६०० आणि मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात मिनिटभर बुडवून धुवा.

नुसत्या घासलेल्या तांब्यावर काम चालतं, पण पृष्ठभाग वाढवला तर बराच फरक पडतो. त्यासाठी २ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये हाच पत्रा ॲनोड म्हणून लावा, समोर स्टीलची जाळी, १०० मिलिअँपिअर. पहिल्या मिनिटात चकाकी जाते आणि पत्रा मळकट दिसतो. मग कडेकडेने फिकट निळा रंग चढायला लागतो, आणि चार-पाच मिनिटांत सगळा पत्रा आकाशी होतो, मखमल पांघरल्यासारखा. हे कॉपर हायड्रॉक्साइड, अतिसूक्ष्म काड्यांचं जंगल. व्होल्टेज एकदम उडी मारतं आणि बुडबुडे सुटतात, त्या क्षणी थांबा. पुढे नेलं तर थर सुटून खाली पडतो. बोट लावू नका, पाण्याची धार मारू नका, नुसता बुडवून काढा. आता तो कॅथोडच्या बाजूला बायकार्बोनेटमध्ये, फरफ्युराल न घालता, १०० मिलिअँपिअरवर ठेवा. निळा रंग काळा होतो, काळ्याचा गर्द विटकरी. जेवढा वेळ थर चढवला तेवढाच वेळ तो उतरवायला लागतो, कारण दोन्हीकडे चार्ज सारखाच. दोन मिनिटं वर धरा. तांब्याचं ते जंगल जागेवरच राहतं, आता शुद्ध तांब्याचं. तो हवेत काढू नका, लगेच ऑक्साइड धरतो. फरफ्युराल आत्ता घालायचं.

ॲनोडला १.६ मि.मी. जाडीचा निकेल फोम. ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं, भरपूर पाण्याने धुणं, मग १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये वीस-तीस वेळा व्होल्टेज वर-खाली. करडा फोम काळसर होतो. या काळ्या थरावर, निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडवर, सगळं काम होतं: तो फरफ्युरालकडून इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः निकेल हायड्रॉक्साइड होतो आणि वीज त्याला पुन्हा मूळ रूपात आणते. म्हणूनच निकेलचं हे रूपांतर जिथे सुरू होतं, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मापाने सुमारे १.३५ व्होल्टला, तिथेच फरफ्युरालचं ऑक्सिडेशनही सुरू होतं. ऑक्सिजनची गडबड साधारण १.५ व्होल्टच्या पुढे. या दोन आकड्यांमधल्या पट्टीत राहायचं.

तुमच्याकडे मरक्युरी ऑक्साइडचा रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड) असेल तर हायड्रोजनच्या मापात आणायला १ मोलर अल्कलीत त्याच्या वाचनात ०.९२५ मिळवा: ०.५० दाखवत असेल तर खरं १.४२. सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स फक्त बायकार्बोनेटच्या बाजूला वापरा, अल्कलीत त्याचं सच्छिद्र टोक खराब होतं. सुरुवातीच्या ८.४ पीएचला त्याच्या वाचनात ०.६९ मिळवायचे. पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचं व्होल्टेज नेमकं धरून ठेवणारं यंत्र) नसेल तर साधा डीसी सप्लाय कॉन्स्टंट करंटवर लावून आणि मल्टिमीटर सिरीजमध्ये ठेवूनही बरंच शिकता येतं. व्होल्टेजची मर्यादा ५ वर ठेवा. एच-सेलमध्ये ३ व्होल्टच्या आसपास दिसेल, त्यातला मोठा वाटा दोन इलेक्ट्रोडमधल्या लांब अंतराच्या रेझिस्टन्सचा असतो. त्यावरून कारखान्याचा हिशेब मांडू नका.

मगरचिमटा द्रावणाला लागता कामा नये. त्यातलं लोखंड आणि निकेल सुटतं आणि कॅथोडवर जाऊन बसतं, तिथून पुढे तांबं अल्कोहोल करायचं सोडून हायड्रोजन काढायला लागतं. पत्र्याची शेपटी लांब ठेवा आणि द्रावणाच्या रेषेवर टेफ्लॉन टेप गुंडाळा.

कॅथोडच्या द्रावणातून १५-२० मिनिटं नायट्रोजन सोडा, चुंबकी ढवळणी जोरात ठेवा, आणि १०० मिलिअँपिअर सुरू करा. पाच मिलिमोल फरफ्युरालला ९६५ कूलॉम लागतात, म्हणजे २ तास ४१ मिनिटं. या वेळात कॅथोडकडे १० मिलिमोल हायड्रॉक्साइड सुटतं. बायकार्बोनेट ५० मिलिमोल आहे, ते झेलतं, पीएच साडेनऊच्या आसपास थांबतो. हा पीएच मुद्दाम निवडलेला आहे. आम्लात गेलात तर तयार झालेलं अल्कोहोल स्वतःच साखळ्या धरतं (फाउंड्रीच्या साच्यात हार्डनर नेमकं हेच करतो), शिवाय अर्धी वीज दोनऐवजी चार इलेक्ट्रॉन खाऊन मिथाइलफ्युरान करण्यात जाते, जे ६४ अंशांना उकळून उडून जातं. फार अल्कलीत गेलात तर फरफ्युराल विजेविनाच आपसांत भांडतं: एका रेणूचं आम्ल, दुसऱ्याचं अल्कोहोल. कॅनिझारोची ही अभिक्रिया पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते आणि सेलमध्ये सगळे विसरतात.

ॲनोडच्या बाजूला तर अल्कली टाळताच येत नाही. म्हणून तिथलं ०.४१ मि.लि. एकदम ओतू नका, दर ४० मिनिटांनी ०.१ मि.लि. असं घाला. एकदम घातलं तर द्रावण चहासारखं तांबूस आणि मग गडद होत जातं. तो राळेसारखा गाळ फोमच्या छिद्रांत बसतो. कॅनिझारोत तयार झालेलं अल्कोहोल ॲनोडवर पुढे फ्युरोएट होतं, म्हणजे माल वाया जात नाही, आणि एकूण वीजही तेवढीच लागते. अल्कली सौम्य केलं तर? ०.१ मोलर घेतलं तर १०० मि.लि.त १० मिलिमोल हायड्रॉक्साइड असतं आणि काम पुरं करायला १५ लागतं. ते वाटेतच संपतं, पीएच कोसळतो, निकेल काम सोडतो. ०.३ ते ०.५ मोलरपर्यंत खाली यायला हरकत नाही.

निकेलच्या बाबतीत लोहाची काळजी घ्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांत लोहाचा अंश असतोच, तो निकेलच्या थरात शिरतो आणि ऑक्सिजन काढणं सोपं करतो. पाण्याचं विघटन करणाऱ्यांना हे हवंच असतं, आपल्याला नको. पहिल्या दिवशी ९० टक्के फ्युरोएट देणारा फोम आठवड्याभराने बुडबुडे काढायला लागला तर आधी लोहाचा संशय घ्या, उत्प्रेरक दमला असं समजू नका.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते शेवटच्या अर्ध्या तासात. फरफ्युराल पत्र्यापर्यंत पोहोचण्याला मर्यादा आहे. चांगलं ढवळलं तरी पत्र्याला चिकटून सुमारे ५० मायक्रॉनचा शांत थर असतो, आणि ५० मिलिमोलरला त्यातून दर चौ. सेंमी.ला १९ मिलिअँपिअरएवढंच फरफ्युराल पोचतं. आपण १० लावले, म्हणजे सुरुवातीला मोकळं मैदान. ९० टक्के काम झाल्यावर मात्र फरफ्युराल ५ मिलिमोलर उरतं आणि मर्यादा २ मिलिअँपिअरवर येते. करंट तसाच ठेवला तर उरलेले ८ मिलिअँपिअर हायड्रोजनमध्ये जातात. म्हणून निम्मं काम झालं की करंट ५० वर आणा, तीन-चतुर्थांश झालं की २५ वर. वेळ वाढतो, वीज वाचते.

हायड्रोजनमध्ये किती वीज गेली हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. कॅथोडच्या झाकणातून नळी काढून पाण्याने भरलेल्या उलट्या मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडा, मात्र मोजताना नायट्रोजन बंद हवा. १०० मिलिअँपिअर तासभर चालले आणि सगळी वीज हायड्रोजनमध्ये गेली तर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीच्या सांगलीत, ३० अंशांना, पाण्याची वाफ धरून ५२ मि.लि. वायू जमतो. पुस्तकातला २२.४ लिटरचा आकडा लावलात तर ४२ मि.लि.च अपेक्षित धराल आणि उत्तर चुकेल. १५ मि.लि. जमला तर सुमारे २९ टक्के वीज गेली. खोलीची खिडकी उघडी असू द्या, आणि ठिणगी उडवणारं काही जवळ नको.

फरफ्युराल किती उरलं ते यूव्ही स्पेक्ट्रोमीटरवर २७७ नॅनोमीटरला दिसतं. हजारपट विरल करा. पण फरफ्युराल गेलं म्हणजे अल्कोहोल झालं असं नाही. दोन रेणू एकमेकांना चिकटून हायड्रोफ्युरोइन होतं, काही राळ होतं, काही पडद्यातून पलीकडे जातं. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) अल्कोहोल २१६ नॅनोमीटरच्या आसपास आणि फ्युरोइक आम्ल २५० च्या आसपास पाहून कार्बनचा हिशेब शंभराला कितपत जुळतो ते लिहा. ८० च्या खाली आला तर आकडे छापायची घाई करू नका, हिशेबात न सापडलेले ते वीस शोधा.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. फरफ्युराल ताजं असताना जवळपास रंगहीन असतं, हवा लागून पिवळं, तपकिरी, शेवटी काळं होतं. काळं फरफ्युराल वापरलं तर त्यातला आम्लयुक्त राळेसारखा भाग इलेक्ट्रोडवर बसतो आणि तुम्ही तांब्याला दोष देता. कमी दाबाखाली डिस्टिल करून तपकिरी बाटलीत, नायट्रोजनखाली, फ्रीजमध्ये ठेवा. ते कातडीतून शरीरात जातं, आणि प्रयोगशाळेतले नेहमीचे निळे नायट्राइल मोजे त्याच्यापुढे फार टिकत नाहीत. ब्युटाइल रबरचे घ्या. दुसरं, वीज जाणं. लाइट गेली की सेल उलटी बॅटरी होते: निकेलचा काळा थर डिस्चार्ज होतो आणि तांबं ऑक्सिडाइज होऊन थोडं विरघळतं. सप्लायच्या पुढे एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, आणि वीज परत आल्यावर फरफ्युराल असलेल्या द्रावणात थेट सुरू न करता तांबं आधी पुन्हा रिड्यूस करून घ्या.

आता फ्युरोइक आम्लाचं. द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणला, बर्फात ठेवलं, की स्फटिक पडतील अशी वाट बघत लोक बसतात आणि काहीच पडत नाही. कारण साधं आहे: १०० मि.लि.त सगळं मिळून ०.५६ ग्रॅम आहे, आणि फ्युरोइक आम्ल १०० मि.लि. पाण्यात ३ ग्रॅमहून जास्त विरघळतं. इथाइल ॲसिटेटने काढा, किंवा द्रावण आटवून १० मि.लि.वर आणा आणि मग आम्ल घाला. दर ११२ ग्रॅम फ्युरोइक आम्लामागे ७५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड तयार होतं, उरलेल्या अल्कलीचं वेगळंच. जिथल्या जमिनी आधीच मिठाने पांढऱ्या पडल्यात तिथे हे पाणी नाल्यात सोडता येत नाही आणि सोडूही नये. मोठ्या प्रमाणावर करायचं तर द्विध्रुवी पडद्याने आम्ल आणि अल्कली परत मिळवण्याची सोय पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवी.

या आटवण्यावरूनच खऱ्या प्रश्नाकडे येतो. विजेचा खर्च किती? एक किलो फरफ्युरिल अल्कोहोलला सिद्धांताने ५४६ अँपिअर-तास लागतात. ७० टक्के वीज कामी आली आणि कारखानी सेलला ३ व्होल्ट लागले असं धरलं तर २.३ युनिट. युनिट ८ रुपये धरलं तरी किलोला १९ रुपयांच्या आत. दिवसाला १ टन करायचं तर साडेबत्तीस हजार अँपिअर, चौ. सेंमी.ला १०० मिलिअँपिअरने साडेबत्तीस चौ. मीटर इलेक्ट्रोड, आणि शंभर किलोवॉटच्या आत जोडभार. इथल्या मध्यम फाउंड्रीची एक इंडक्शन भट्टी याच्या कितीतरी पट ओढते.

पण ५० मिलिमोलरच्या द्रावणात एक किलो अल्कोहोल २०४ लिटर पाण्यात असतं. ते पाणी नुसतं उकळून घालवायचं म्हटलं तर वाफेची सुप्त उष्णताच १२८ युनिटांएवढी होते. अभिक्रियेला २.३ आणि वेगळं करायला १२८! विद्युत-उत्प्रेरणावरच्या बहुतेक चर्चेत उत्प्रेरक किती चांगला यावर पानंच्या पानं असतात, आणि मालाची तीव्रता किती यावर एक ओळ. माझं ठाम मत असं की या विषयात काम करणाऱ्या मुलांनी नवा उत्प्रेरक शोधण्यापेक्षा जुनं तांबं ५० ऐवजी ८०० मिलिमोलरला चालवून दाखवावं. पाण्यात फरफ्युराल लिटरला सुमारे ८० ग्रॅमच विरघळतं, म्हणजे तीच वरची हद्द. तिथे किलोमागे पाणी १३ लिटरवर येतं आणि उष्णता ८ युनिटांवर. द्रावकाने काढलं तर त्याहून कमी. पण तिथे हायड्रोफ्युरोइन वाढतं, कारण ते दोन रेणूंच्या भेटीतून होतं आणि गर्दीत भेटी जास्त. बायकार्बोनेटही पुरत नाही, पीएच सतत धरून ठेवावा लागतो. खरं संशोधन इथे आहे.

दुसरा हिशेब कार्बनचा, आणि तो अनेकांना आवडत नाही. एक किलो अल्कोहोलला हायड्रोजन लागतो फक्त साडेवीस ग्रॅम. तो नैसर्गिक वायूपासून बनवला तर सुमारे ०.२ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपले २.३ युनिट ग्रिडवरून, म्हणजे मुख्यतः कोळशावरून घेतले तर युनिटला सुमारे ०.७ किलो धरून दीड किलोहून जास्त सुटतो. ॲनोडवरचा माल वाटून घेतला तरी पारडं उलटंच. क्रोमियम गेलं, दाबाचं भांडं गेलं, हे फायदे खरे आहेत. पण कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या सेलला हरित म्हणणं खोटं आहे.

मग वीज कुठली? साताऱ्यात कोयना आहे, १९६० मेगावॉटची, पण ती राज्याची संध्याकाळची गरज भागवण्यात गुंतलेली. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर आणि इकडे ढालगावला पवनचक्क्या आहेत, त्यांचा भर पावसाळ्यात. ऊस गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे फरफ्युराल तयार होतं तेव्हा वारा नाही आणि वारा असतो तेव्हा फरफ्युराल ताजं नाही. साठवायचं तर नायट्रोजनखाली, नाहीतर सहा महिन्यांत काळं. त्यामुळे मला सगळ्यात जवळचा रस्ता साखर कारखान्याचा स्वतःचा वाटतो. हंगामात बगॅसवरची वीज आवारातच असते, वाफही असते. त्याच बगॅसमधून फरफ्युराल काढायचं तर आधी शिजवून फरफ्युराल घ्यावं आणि उरलेला लिग्निन-सेल्युलोजचा चोथा पिळून बॉयलरला द्यावा. बॉयलरला थोडं कमी मिळतं, चोथा ओला आणि आम्लयुक्त असतो, त्याची तयारी ठेवावी लागते. कोरड्या बगॅसमध्ये पेंटोसान (ज्याचं फरफ्युराल होतं तो भाग) सुमारे २५ टक्के, त्यातून सिद्धांताने १८ टक्के फरफ्युराल. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं मिळालं तरी चांगलं.

यात एक सोय दडलेली आहे. शिजवणीतून येणारं पाणी मुळात काही टक्के फरफ्युरालचंच असतं. नेहमीच्या रीतीत ते पुन्हा डिस्टिल करून शुद्ध करतात. सेलला शुद्ध फरफ्युराल नकोच आहे, त्याला पाण्यातलंच हवंय. ते पाणी थेट कॅथोडकडे नेलं तर डिस्टिलेशनची एक पायरी वाचते. त्यात ॲसेटिक आणि थोडं फॉर्मिक आम्ल असतं, ते पोटॅशियम बायकार्बोनेटने मारायचं. फेस फार येतो, म्हणून भांडं अर्धंच भरा. आम्ल मारून तयार झालेलं पोटॅशियम ॲसिटेट सेलमध्ये वीज वाहून नेण्याच्या कामी येतं, म्हणजे वेगळं मीठ कमी घालावं लागतं. अडचण आहे ती साध्या स्टीलच्या पाइपांची. आम्लाची गरम वाफ त्यांतून जाते, लोखंड खाते आणि ते लोखंड पाण्याबरोबर येतं. बायकार्बोनेट घातल्यावर त्याचा बराचसा भाग हवेच्या संपर्काने तांबूस गाळ होऊन बसतो; रात्रभर ठेवून बारीक कापडी फिल्टरमधून गाळा, आणि उरलेलं काढायला मुख्य सेलच्या आधी तांब्याच्या टाकाऊ जाळीचा एक छोटा सेल लावा, कमी करंटवर. जाळी करडी पडली की आम्लात धुऊन परत लावायची. असं केलं नाही तर मुख्य सेलचा विटकरी पत्रा दोन-तीन दिवसांत करडा होतो आणि उलट्या सिलिंडरमधली पाण्याची पातळी भराभर खाली यायला लागते.